तहान लागायच्या आधी

उद्यमनगर, कोल्हापूर

प्रिय बाळ,

परवा तू मोटारसायकलवरून जैसलमेरला जायचा नकाशा घेऊन आलास तेव्हा वर्कशॉपात गिऱ्हाइकं होती, नीट बोलणं झालं नाही. म्हणून बसून लिहितोय. गाडीची काळजी करू नकोस, गाडी ठणठणीत आहे. मला काळजी आहे ती वाळवंट सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या तीन दिवसांची, कारण त्या दिवसांत आपलं अंगच आपल्याला फसवतं.

तावडे हॉटेलपाशी तू ज्या हायवेला लागशील तो ४८ नंबरचा. पुणे, सुरत, बडोदा करत अहमदाबादपर्यंत तोच. फक्त एक्स्प्रेसवेवर दुचाकी सोडत नाहीत, तेव्हा खंडाळ्याचा घाट जुन्या रस्त्यानं उतर. अहमदाबादपर्यंतचं मी काही सांगत नाही, ते तुला जमेल. पण तू अहमदाबाद ते जैसलमेर एका दिवसात मारायचं लिहून आणलंयस, ते खोडून टाक. डीसा, सांचोर करत बाडमेरला मुक्काम कर. बाडमेर ते जैसलमेर दीडशे-एक किलोमीटर आहे. तेवढं दुसऱ्या दिवशी, जेवून-खाऊन, थांबत थांबत. रस्ता सरळ आणि मोकळा आहे म्हणून अंतर कमी वाटतं. एकसारखं पुढं बघून डोळे जड होतात ते गाडीवर असेपर्यंत कळत नाही.

आता खरं सांगायचं ते. आपण पाण्यातली माणसं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हाच हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली होता, तू तेव्हा शाळेत असशील. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे इथल्या पोराटोरांनाही पाठ असतं. जैसलमेरला वर्षभरात पाऊस पडतो तो दोनशे मिलिमीटरच्या आसपास. आपल्या गगनबावड्याला जुलैतल्या एखाद्या दिवसात तेवढा कोसळतो. पाणी वाढायला लागलं की आपल्याला न बघता कळतं. पण अंगातलं पाणी कमी व्हायला लागलं तर ते मोजणारा बंधारा आपल्याकडं नाही. त्यात तू निघणार डिसेंबरात. हवा गार, ऊन कोवळं, अंगाला घाम दिसत नाही. घाम येत असतो, पण कोरड्या वाऱ्यात जागच्या जागी उडून जातो. तहान लागेपर्यंत उशीर झालेला असतो.

मला हे कसं कळलं ते सांगतो. मी तिकडं गाडीवर गेलो होतो तेव्हा बाडमेर सोडून दोनेक तास झाले होते. सकाळपासून पोटात फक्त चहा. डोकं दुखत होतं, कारण नसताना चिडचिड होत होती, आणि मी समजत होतो की झोप कमी झालीय. एका ठिकाणी वाळूची लाट चांगली दिसली म्हणून डांबर सोडून गाडी बाजूला घेतली, साइड स्टँड लावला आणि चार पावलं गेलो. मागं धप्प आवाज झाला. स्टँडचं टोक लोण्यात सुरी जावी तसं वाळूत गेलं होतं. गाडी डाव्या अंगावर पडलेली, टाकीच्या झाकणातून पेट्रोल ठिबकतंय. मी हँडल धरून तीनदा ओढली. तिसऱ्यांदा कंबरेत कळ आली तेव्हा खाली बसलो. माझ्यासारख्या, आयुष्यभर इंजिनं उचललेल्या माणसाला इग्निशन बंद करायचंसुद्धा सुचलं नव्हतं. तहानेनं डोकं असं बधिर होतं.

शेळ्या घेऊन एक म्हातारा आला. त्यानं गाडीकडं बघितलंही नाही. आधी मला झाडाखाली बसवलं आणि पाणी दिलं, मग परत दिलं. दहा-पंधरा मिनिटांनी त्यानंच मागून रेटा दिला आणि गाडी उभी राहिली. ज्या झाडाखाली बसलो त्याला ते लोक खेजडी म्हणतात. घरी आल्यावर कळलं, ही आपली शमी. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो तीच तिकडं माणसं जगवते. तिच्या शेंगा वाळवून सांगरीची भाजी करतात, पाला शेळ्या-उंटांना घालतात. जोधपूरजवळच्या खेजडलीत १७३० साली हीच झाडं वाचवायला अमृतादेवींसह ३६३ बिष्णोई माणसांनी जीव दिला. खेजडीची सावली विरळ असते, पण दुपारी थांबायचं झालं तर तीच शोध.

म्हणून तहान लागो न लागो, अर्ध्या-पाऊण तासानं गाडी थांबवून पाणी पी. पाच लिटर जवळ ठेव, आणि त्यातलं एक लिटर वेगळ्या बाटलीत, कशालाही न वापरण्यासाठी. दिवसातून एकदा ओआरएस, नाहीतर मीठ-साखर-लिंबू. लघवी गडद झाली की समज, आपण मागं पडलोय. आणि विनाकारण कुणाचा राग यायला लागला तर आधी पाणी पी, मग काय तो राग धर.

गाडी एकट्यानं उचलायची वेळ आलीच तर आधी चावी बंद, मग गिअरमध्ये टाक. सीटला पाठ लावून खाली बस, एक हात हँडलला, दुसरा मागच्या फ्रेमला, आणि पायांच्या जोरावर मागं मागं चालत उठ. कंबरेनं ओढू नकोस. उभी राहिली की लगेच स्टार्टर मारायचा नाही, पाच मिनिटं थांब.

चेनला रोज तेल पाजू नकोस. वाळू आणि तेल एक झालं की आपण व्हॉल्व्ह घासायला वापरतो ती पेस्टच तयार होते, चेन आणि स्प्रॉकेट दोन्ही खाऊन टाकते. कोरड्या फडक्यानं पुसून अगदी हलका हात फिरव. एअर फिल्टर दर मुक्कामी झटक. टायरची हवा सकाळी, गाडी गार असतानाच बघ.

जैसलमेरजवळ समच्या वाळूच्या टेकड्या आहेत, त्या बाजूला डांबरावर वाळू सरकून आलेली असते. ती दिसली की लांबूनच वेग कमी कर, वाळूवर मात्र ब्रेकला हात नाही, हँडल सरळ ठेवून जाऊ दे. सीमेजवळच्या तनोटला जाणार असलास तर जैसलमेरला टाकी फुल करूनच नीघ, जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटरच्या आसपास पडतं. ओळखपत्र खिशात ठेव. अंधार पडायच्या आत गाडी उभी राहिली पाहिजे, उंट आणि गाई रस्त्यात येतात आणि उंटाचं अंग हेडलाइटच्या वर असतं, दिसत नाही.

आणि तिसरी संध्याकाळ. ती सगळ्यात अवघड. थंडी झपकन पडते, आवाज कुठलाच नसतो. आपल्याकडं रंकाळ्यावर रात्री दहालासुद्धा माणसाला माणूस लागून असतो, तिथं तुझ्याच हेल्मेटच्या पट्टीचा आवाज तुला मोठा वाटेल. कशाला आलो असं होईल. मलाही झालं होतं, मी उद्या परत फिरतो म्हणून घरी फोनही केला होता. तुझी काकू एवढंच म्हणाली, जेवलास का? नव्हतो जेवलो. परत फिरायचं असलं तर खुशाल फिर, त्यात कमीपणा नाही. फक्त ते रात्री ठरवू नकोस. जेव, झोप, सकाळी ऊन अंगावर घे आणि मग ठरव.

साइड स्टँडखाली ठेवायला तळहाताएवढा पत्रा कापून ठेवलाय. भोक पाडून दोरी ओवायची राहिलीय, म्हणजे गाडीवर बसल्या बसल्या वर ओढून घेता येईल. बुधवारी संध्याकाळी सहानंतर ये, गिऱ्हाईक नसतं. येताना तुझा एअर फिल्टर काढून आण.

तुझा,
काका