टॉनिकची बाटलीही केंद्रावर घेऊन जा

ताई, एचआयव्हीची औषधे चालू असलेल्या तुमच्या सात वर्षांच्या मुलाला सतत सर्दी होते म्हणून लोह आणि झिंक असलेले टॉनिक सुरू करावे का, हा तुमचा प्रश्न वाचला आणि तीन वर्षांपूर्वीची मीच आठवले. माझ्या दिवंगत बहिणीची मुलगी माझ्याकडे वाढते आहे आणि ती जन्मापासून एचआयव्हीसह जगते. मी डॉक्टर नाही, त्यामुळे मात्रा वगैरे काही सांगणार नाही. मात्र एक चूक सांगायलाच हवी.

तेव्हा तिला डोल्युटेग्राविर हे एचआयव्हीवरचे औषध नुकतेच सुरू झाले होते. सकाळी साडेसहाला शाळेची बस हडपसरच्या कोपऱ्यावर येई, म्हणून मी गोळी आणि पाठोपाठ चमचाभर नारिंगी टॉनिक रिकाम्या पोटी एकदमच देऊन टाकायची. लोह, कॅल्शियम, झिंक, मॅग्नेशियम ही खनिजे या औषधाला पोटातच बांधून ठेवतात आणि ते रक्तात पुरेसे उतरत नाही, हे मला कोणीही सांगितले नव्हते. रिकाम्या पोटी लोहासोबत घेतल्यास औषधाचे शोषण जवळपास निम्म्यावर येते. सहा महिन्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचे प्रमाण, हजाराच्या वर गेला.

त्यानंतरचे तीन महिने मला आजही सलतात. आम्ही ज्या एचआयव्ही उपचार केंद्रावर जात होतो, तिथे प्रत्येक भेटीत डबीतल्या गोळ्या मोजल्या जात, त्या बरोबर भरत, तरीही "मावशी, खरं सांगा, गोळ्या चुकतात ना?" हाच प्रश्न पोरीच्या समोर विचारला जाई. ती नऊ वर्षांची होती, घरी येऊन तिने मला विचारले, "माझं काय चुकलं?" घरात दुसरे काय चालू आहे, असे एकदाही कोणी विचारले नाही. अखेर मी स्वतःच ती बाटली पिशवीत घालून नेली, तेव्हा नव्याने आलेल्या डॉक्टरांनी लेबल वाचले आणि दोन मिनिटांत कारण सांगितले.

नियम असा, की डोल्युटेग्राविर अशा टॉनिकच्या किमान दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावे. पोटाच्या जळजळीवरच्या अँटासिडलाही हाच नियम लागू आहे आणि ते तर आपण न विचारताच देतो. आम्ही टॉनिक दुपारी चारवर नेले. पुढच्या तपासणीत लोड पुन्हा आटोक्यात आला. तुमच्या मुलाचे औषध वेगळे असेल, तर आधी विचारून घ्या.

टॉनिकने प्रतिकारशक्ती वाढते, या जाहिरातींवर माझा विश्वास उरलेला नाही. युगांडात एक ते पाच वर्षांच्या एचआयव्हीबाधित मुलांना दैनंदिन शिफारशीच्या दुप्पट मात्रेत चौदा सूक्ष्मपोषके देऊन पाहिली, तरी साध्या मात्रेपेक्षा मृत्यूही घटले नाहीत आणि प्रतिकारशक्तीच्या सीडी४ पेशीही वाढल्या नाहीत. याउलट 'अ' जीवनसत्त्वाचा सरकारी डोस पाच वर्षांपर्यंतच्या या मुलांनाही इतरांप्रमाणेच द्यायचा असतो आणि तो चुकवू नये. पण तो चालू असताना घरून वेगळे 'अ' देऊ नये, कारण ते शरीरात साठते. रक्ततपासणीत खरोखर कमतरता निघाली, तर डॉक्टर लिहून देतील ते जरूर द्या. एरवी अंडे, नाचणीची भाकरी, मोड आलेली मटकी यांवर खर्च करा. वजन घटत असेल, तर मात्र टॉनिक शोधत बसू नका. आधी क्षयरोगाची तपासणी करून घ्या.

आणि समुपदेशन मुलासमोर आरोपासारखे होत असेल, तर त्याला बाहेर बसवून बोला, असे स्पष्ट सांगा. मी ते सांगायला तीन महिने लावले.