आर्किटेक्ट, साइट इंजिनिअर वगैरे लोकांना एनर्जी कोडमधल्या एन्व्हलपचं ट्रेनिंग कसं द्यावं? दोन दिवस पुरतात का?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं, की शहरातल्या आर्किटेक्ट-इंजिनिअर असोसिएशनतर्फे तुम्हाला इको-निवास संहितेच्या (घरांसाठीच्या एनर्जी कोडच्या) एन्व्हलप भागावर, म्हणजे भिंती, छत, खिडक्या यांच्या नियमांवर वर्कशॉप ठेवायचंय, स्लाइड्स तयार आहेत आणि आर्किटेक्टपासून सुपरवायझरपर्यंत सगळ्यांना एकाच हॉलमध्ये बसवायचा विचार आहे. मी महाराष्ट्रात अशी वर्कशॉप घेत असतो म्हणून सरळच सांगतो, दोन दिवस पुरतात, पण सगळ्यांना एकत्र बसवू नका आणि कलमं वाचून दाखवू नका. कलम १, कलम २ असं सुरू झालं की अर्ध्या तासात निम्मा हॉल मोबाइलमध्ये असतो आणि त्यात त्यांची चूक नाही.

सुरुवात आकड्यावरून करा. २०१८ च्या संहितेत मुख्य आकडा एकच आहे, आरईटीव्ही, म्हणजे छत सोडून बाकी एन्व्हलपमधून सरासरी किती उष्णता आत येते, तो १५ वॅट प्रति चौरस मीटरच्या वर जाता कामा नये (थंड हवामान सोडून, तिथे हिशोब वेगळा). सूत्रात तीन तुकडे आहेत, भिंतीतून येणारी उष्णता, खिडकीच्या काचेतून झिरपणारी आणि खिडकीतून थेट येणारं ऊन. मुंबई-पुणे दोन्ही उष्ण-दमट गटात येतात (पुणेकर यावर वाद घालणार, घालू द्या, कोडच्या यादीत तसंच आहे) आणि त्या गटाचे गुणक आहेत ५.१५, १.३१ आणि ६५.२१. हे तीन आकडे फळ्यावर लिहा आणि लोकांकडूनच गणित करून घ्या, सॉफ्टवेअर नंतर.

मी देतो ते गणित असं. दिशा तात्पुरती विसरा, खिडक्या २० टक्के धरा, बाकी ८० टक्के भिंत. आता भिंत मिव्हानची, म्हणजे अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली १५० मिलीमीटर आरसीसी, यू-व्हॅल्यू (भिंतीतून किती उष्णता पार होते तो आकडा, कमी तितका चांगला) साधारण ३.७. ५.१५ गुणिले ०.८ गुणिले ३.७ केलं की पंधराच्या वर जातं! म्हणजे खिडकी अजून धरलीच नाही आणि नुसत्या भिंतीनेच मर्यादा ओलांडली. इथे हॉलमध्ये जी शांतता पसरते ती कुठल्याच स्लाइडने पसरत नाही, कारण समोर बसलेल्या निम्म्या लोकांचे चालू प्रोजेक्ट मिव्हानचेच असतात. मग साधी काच धरा, सिंगल, यू ५.७ आणि एसएचजीसी (उन्हाची किती उष्णता काच आत सोडते तो हिस्सा) ०.८, तिचे अजून बारा (१.३१ गुणिले ०.२ गुणिले ५.७, अधिक ६५.२१ गुणिले ०.२ गुणिले ०.८) मिळवा, बेरीज सत्तावीस. आता भिंत बदलून २०० मिलीमीटर एएसी ब्लॉक (हलका, सच्छिद्र काँक्रीटचा) करा, यू ०.७५ च्या आसपास, भिंतीचे पंधराचे तीन झाले, एकूण पंधराच्या काठावर. मग खिडकीवर नीट छज्जा आणि बाजूला फिन (उभी आडोशाची पट्टी) द्या, एसएचजीसी समजा ०.६ वर आला, की साडेबाराला येऊन पास. महागडी काच न घेता. नऊ इंची विटेची भिंत धरून हेच करायला सांगितलं तर छज्जा देऊनही ती सतराच्या आसपास राहते, तेव्हा कोणीतरी विचारतंच की मग वीटवाल्याने काय करायचं, आणि तिथून खरी चर्चा सुरू होते.

यानंतर दिशा आणा. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला पश्चिमेचा फॅक्टर १.१५ च्या जवळ आहे आणि उत्तरेचा ०.६६. म्हणजे तीच खिडकी पश्चिमेला लावली की उत्तरेपेक्षा जवळपास पावणेदोनपट भार टाकते. आर्किटेक्टला हे माहीत असतंच, पण आकड्यात बघितल्यावर बिल्डरशी भांडायला हातात काहीतरी येतं.

दुपारी मात्र प्रत्येकाने स्वतःचाच एक प्लॅन आणायचा, आधीच तसं कळवा, तयार उदाहरण देऊ नका. स्वतःच्या प्लॅनवर काम केलं की एक गोष्ट हमखास निघते, ती म्हणजे लोक अख्खी भिंत एएसीची धरतात आणि कॉलम-बीम विसरतात. बाहेरच्या बाजूला उघडा पडणारा आरसीसी वेगळा मोजायचा असतो. भिंतीचा पाव भाग जरी कॉलम-बीम असला तरी सरासरी यू ०.७५ वरून दीडच्या आसपास जातो, म्हणजे दुप्पट. कागदावर पास झालेली बिल्डिंग इथे नापास होते. यावर तासभर गेला तरी जाऊ द्या.

छताला वेगळा नियम आहे, यू १.२ पेक्षा जास्त नको. आपल्याकडे सगळ्यांची ठाम समजूत की ब्रिकबॅट कोबा घातला की गच्ची थंड. गणित करा, नुसता स्लॅब ३.३, त्यावर चार इंच कोबा टाकूनही दोनच्या वरच राहतो. कोब्याखाली २५ मिलीमीटर एक्सपीएस (इन्सुलेशनचा फोम बोर्ड) टाकला की एकच्या खाली येतो. कोबा पाण्यासाठी आहे, उन्हासाठी नाही, हे जुन्या कॉन्ट्रॅक्टरला पटवायला वेळ लागतो.

हवा खेळण्याचा नियमही विसरू नका, उष्ण-दमट भागात उघडणाऱ्या खिडक्या-दारांचं क्षेत्र कार्पेटच्या १६.६६ टक्के तरी लागतं. आता दोन ट्रॅकची स्लायडिंग खिडकी निम्मीच उघडते, म्हणून निम्मीच मोजायची, आणि हे ऐकल्यावर लोक खिडक्यांचं शेड्यूल परत उघडतात. नागपूरला हवामान संमिश्र गटात, तिथे हा आकडा १२.५ टक्के आणि आरईटीव्हीचे गुणकही वेगळे, तेव्हा तुमचं शहर कुठल्या गटात आहे ते आधी बघून घ्या.

साइट इंजिनिअर आणि सुपरवायझर यांना दुसऱ्या दिवशी वेगळं घ्या, आणि त्यांना सूत्र अजिबात शिकवू नका. जमलं तर चालू साइटवर न्या. त्यांना तीन-चार गोष्टीच कळायला हव्यात: ड्रॉइंगवर काचेपुढे लिहिलेला एसएचजीसी आणि साइटवर आलेल्या काचेच्या टेस्ट रिपोर्टवरचा आकडा जुळतोय का, एक्सपीएसची जाडी पट्टी लावून मोजली का, प्लंबरने पाइप नेताना इन्सुलेशनचा तुकडा कापून तसाच उघडा सोडला का, आणि फसाडसाठी छज्जा सहा इंच 'कमी केला' तर आधी कोणाला विचारायचं. खरा घोळ बहुतेक वेळा इथेच होतो, डिझाइनमध्ये नाही. पर्चेसवाला स्वस्त मिळाली म्हणून दुसरी काच उचलतो, दिसायला तशीच, आणि एन्व्हलपचा सगळा हिशोब त्या एका पीओमध्ये (पर्चेस ऑर्डरमध्ये) वाहून जातो, म्हणून मी तर म्हणेन पर्चेसच्या माणसालाही बोलवाच, त्याला कोणी बोलवत नाही.

महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागातले लोक येणार असतील तर त्यांना अर्धा दिवस वेगळा द्या. त्यांना सूत्रापेक्षा चेकलिस्ट हवी असते, फाइलमध्ये कुठला कागद, कुठल्या ड्रॉइंगवर कुठला आकडा आणि भोगवट्याच्या वेळी साइटवर काय बघायचं.

ऑफिस आणि मॉलवाले त्याच वर्गात येऊन बसले तर गोंधळ होईल, त्यांचा ईसीबीसी, म्हणजे व्यावसायिक इमारतींचा एनर्जी कोड, वेगळा. २०१७ च्या आवृत्तीत तो १०० किलोवॅट जोडलेला भार किंवा १२० केव्हीए मागणी असलेल्या इमारतींना लागतो, आणि तिथे काच भिंतीच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त नको, आपल्याकडच्या हवामानात उत्तर सोडून एसएचजीसी ०.२७ पर्यंत, वगैरे. इको-निवास ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटवरच्या घरांसाठी. शिवाय २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२४ मध्ये नव्या आवृत्त्या आल्या, तेव्हा वरचे घरांचे आकडे २०१८ चे आहेत हे लक्षात ठेवून, राज्यात सध्या काय लागू आहे ते महाऊर्जाच्या (राज्याच्या ऊर्जा संस्थेच्या) पुण्यातल्या ऑफिसला विचारून मगच स्लाइड्स छापा.

बॅच पंचवीसच्या वर नको, दोघांत एक लॅपटॉप पुरतो, आणि सर्टिफिकेट हजेरीवर देऊ नका, ज्याने स्वतःच्या प्लॅनचा आरईटीव्ही कॉलम-बीम धरून काढून दाखवला त्यालाच द्या. पहिल्या बॅचला थोडी कुरकुर होईल, दुसऱ्या बॅचला लोक प्लॅन घेऊनच येतील.