चिन्ह आपलं, उमेदवार परका

ताई, नमस्कार.
माझे वडील आयुष्यभर एकाच पक्षाचे कार्यकर्ते. सतरंज्या उचलल्या, भिंती रंगवल्या, स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही. मीही मतदार झाल्यापासून त्याच चिन्हाला मत देत आले, पक्षाचा विचार पटतो म्हणून. या विधानसभेला आमच्याकडे तिकीट मिळालंय ते अर्ज भरायच्या तोंडावर दुसऱ्या पक्षातून आलेल्या माणसाला. कालपर्यंत तो आमच्याच पक्षाला शिव्या घालत होता. त्याच्या शपथपत्रात दोन खटले आहेत, एक आंदोलनाचा आणि एक प्लॉटच्या व्यवहारात फसवणूक केल्याचा. समोरचा उमेदवार माणूस म्हणून बरा आहे, पण त्याच्या पक्षाचं सरकार यावं असं मला अजिबात वाटत नाही. वडील म्हणतात, माणूस बघू नकोस, चिन्ह बघ. नवरा म्हणतो, नोटा दाब आणि मोकळी हो. मुलगी यंदा पहिल्यांदा मत देणार आहे. ती म्हणाली, "आई, तू खरंच याला मत देणार?" मला उत्तर देता आलं नाही. काय करू?
– चिन्हाशी बांधलेली

नमस्कार.

एकीकडे माणूस बरा पण पक्ष नको, दुसरीकडे पक्ष हवा पण माणूस नको, आणि दाबायचं बटण एकच. जीव घुसमटणारच. तुमच्यासारख्या पिढ्यानपिढ्याच्या मतदाराची ही घुसमट मला महत्त्वाची वाटते, कारण तिकीटवाटप करणारे तुम्हाला गृहीत धरूनच यादी करतात. 'ही मतं कुठे जातात?' असा त्यांचा हिशेब असतो.

आधी वडिलांचं म्हणणं घेऊ, कारण त्यात तथ्य आहे. आमदार सभागृहात मत देतो ते बहुतेक वेळा स्वतःच्या मनानं देत नाही. १९८५ साली पक्षांतरबंदी कायदा आला तेव्हापासून पक्षाचा व्हिप मोडणाऱ्याची आमदारकी जाऊ शकते. विश्वासदर्शक ठराव असो की अर्थसंकल्प, समोरचा तो भला माणूसही त्याच्या पक्षाच्या आदेशानंच हात वर करणार. त्या पक्षाचं सरकार तुम्हाला नको आहे. मग सरकार बनवण्याच्या बाबतीत त्याच्या भलेपणाचा तुम्हाला काहीच उपयोग नाही.

पण वडिलांच्या नियमाला आता एक मोठं भोक पडलंय. चिन्हाला दिलेलं मत चिन्हापाशीच राहतं, हा त्यांच्या काळातला भरवसा आपल्या राज्यात २०२२ आणि २०२३ मध्ये पार हलला. लागोपाठ दोन पक्ष फुटले, पक्ष कोणाचा आणि चिन्ह कोणाचं हे भांडण निवडणूक आयोगापर्यंत आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. ज्यांनी चिन्ह बघून मत दिलं होतं त्यांना कोणी विचारलं नाही. तुमचा उमेदवार तर तिकिटासाठीच आलेला. उद्या दुसरीकडून बोलावणं आलं तर तो थांबेल याची हमी त्याच्या इतिहासात तरी दिसत नाही. तरीही, तो पुढे पक्ष सोडून जाईल ही शक्यता झाली. तो हरला तर ती जागा तुम्हाला नको असलेल्या पक्षाकडे जाणार, हे जवळजवळ नक्की. शक्यता आणि खात्री यांना एकाच वजनानं मोजू नका.

शिवाय आमदाराचं अर्धं काम सभागृहाबाहेर असतं आणि तिथे व्हिप चालत नाही. पोलिस ठाण्यात फोन कोणाला वाचवायला जातो, आमदार निधी कोणत्या वस्तीत पोचतो, ठेका कोणाला मिळतो, अडलेल्या विधवेचं काम पैसे न घेता होतं का, हे सगळं माणसावर अवलंबून असतं. म्हणून तो दुसरा खटला मला फार महत्त्वाचा वाटतो.

आंदोलनाचा खटला सोडून द्या. रास्ता रोको केला, जमावबंदी मोडली, असे गुन्हे आपल्याकडे चांगल्या कार्यकर्त्यांवरही असतात, कदाचित तुमच्या वडिलांवरही असतील. फसवणुकीचं मात्र नीट वाचा. उमेदवाराचं शपथपत्र नमुना २६ मध्ये असतं आणि ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येतं. त्यात कलमं दिलेली असतात, कोणत्या न्यायालयात खटला आहे ते असतं, आणि न्यायालयानं आरोप निश्चित केले आहेत का, हेही असतं. नुसता गुन्हा दाखल असेल तर तो विरोधकानं करवून घेतलेलाही असू शकतो. आरोप निश्चित झाले असतील तर निदान एका न्यायाधीशाला पुराव्यांत खटला चालवण्याइतकं काही दिसलं, असा त्याचा अर्थ. दोष तेव्हाही सिद्ध झालेला नसतो, पण तुम्हाला न्यायालयाइतका पुरावा लागत नाही. ज्यांचे पैसे अडकले असं म्हणतात ती माणसं तुमच्याच मतदारसंघातली असतील. कोणाला तरी विचारा.

आता माझं मत. हा उमेदवार संधिसाधू आहे, भाषण बरं करत नाही, कार्यकर्त्यांना ओळखत नाही, एवढंच असेल तर पक्षाला मत द्या. नाराजीनं द्या, पण द्या. सरकार कोणाचं यावं याबद्दल तुमचं मत पक्कं आहे आणि ते नोंदवायची जागा हीच आहे. पण त्यानं गरिबांच्या आयुष्यभराच्या कमाईचे प्लॉट बुडवले असं तुम्हाला खरोखर पटलं, तर देऊ नका. 'दगडापेक्षा वीट मऊ' असं सगळे सांगतील, पण हातातली खरंच वीट आहे ना, हे आधी बघायला हवं. ज्याच्या हाती सत्ता गेल्यावर तुमच्या ओळखीच्या, साध्या माणसांचं थेट नुकसान होईल अशाला मत द्यायला कुठलाही पक्ष तुम्हाला भाग पाडू शकत नाही. बाईवर हात टाकणारा, एखाद्या समाजाविरुद्ध लोकांना चिथावणारा, यांच्या बाबतीतही मी हेच सांगितलं असतं, समोर कोणीही उभं असलं तरी.

नोटाबद्दल तुमच्या यजमानांना एक सांगा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर ते बटण आलं, आणि ज्याला एकही उमेदवार नको त्याच्यासाठी ते योग्यच आहे. पण विधानसभेला नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी त्याच्या खालोखाल मतं मिळवणारा उमेदवारच निवडून येतो. आपल्या राज्य निवडणूक आयोगानं २०१८ मध्ये फेरनिवडणुकीची सोय केली ती स्थानिक स्वराज्य संस्थांपुरती. तेव्हा फसवणुकीबद्दल तुमची खात्री झाली आणि समोरच्या पक्षालाही मत द्यायचं नसेल, तर नोटा दाबा. मोकळं व्हायला म्हणून दाबू नका. यजमान म्हणतात तशा तुम्ही मोकळ्या होणारही नाही, निकालाच्या दिवशी तुमचा जीव टांगणीलाच असेल.

मुलीला उत्तर देता आलं नाही याची लाज वाटून घेऊ नका. तिला हे सगळं सांगा: मला हा माणूस आवडत नाही, पण सरकार अमुक विचाराचं यावं असं वाटतं, आणि मी त्याचं शपथपत्र वाचलंय. वाचताना तिलाच शेजारी बसवा. ती वेगळ्या निष्कर्षाला आली तर येऊ द्या. आजोबांच्या निष्ठेचं ओझं तिच्या पहिल्या मतावर टाकू नका, आणि तिनं कुठलं बटण दाबलं हे विचारूही नका.

मत दिलं म्हणजे त्याचं कौतुकही करायलाच हवं, असं कुठे आहे? त्याच्या प्रचारफेरीत जाऊ नका. सोसायटीत कोणी विचारलं तर 'पक्षासाठी देतेय, उमेदवार मला पसंत नाही' असं मोकळेपणानं सांगा. तोंड दाबून मत देणारा मतदार पक्षाला सगळ्यात सोयीचा असतो, कारण आकड्यात तो खुश दिसतो.

आणि मतदानाआधी जिल्हाध्यक्षांना पत्र लिहा. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२० मध्ये पक्षांना बजावलंय की खटले प्रलंबित असलेला उमेदवार का निवडला आणि खटले नसलेला दुसरा का मिळाला नाही, याची कारणं जाहीर करायची. नुसतं 'निवडून येण्याची क्षमता' हे कारण चालत नाही. तुमच्या उमेदवाराबाबत पक्षानं काय कारण दिलंय ते शोधा, पत्रात त्याचा उल्लेख करा आणि ते का पटलं नाही हे लिहा. मतदारसंघात ज्यांनी वर्षानुवर्षं काम केलं अशा दोन-तीन निष्ठावंतांची नावं लिहा, ज्यांना तिकीट देता आलं असतं. पत्रावर वडिलांची सही मागा. ते आधी नाही म्हणतील, पक्षाविरुद्ध जातो म्हणतील. त्यांना सांगा, पक्षाविरुद्ध यात एक ओळ नाही, आणि तुमचं नाव जिल्हा कार्यालयात अजून ओळखतात.

– ताई