एलएलबीनंतर सैन्यात जॅग (जज ॲडव्होकेट जनरल, म्हणजे सैन्याची विधी शाखा) अधिकारी व्हायचं असेल, तर कायद्याचं शिक्षण सैन्य देतं का? प्रशिक्षण कुठे होतं?

नाही, कायद्याची पदवी तुम्ही आधीच घेतलेली असावी लागते; भूदल तुम्हाला आधी अधिकारी बनवतं आणि मग लष्करी कायदा शिकवतं. भूदलाच्या भरती जाहिरातीनुसार तीन किंवा पाच वर्षांच्या एलएलबीत किमान 55 टक्के, वय 21 ते 27 आणि बार कौन्सिलच्या नोंदणीसाठी पात्रता लागते. अलीकडे क्लॅट पीजी या कायद्याच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा स्कोअरही मागतात. मग एसएसबी (सैन्याचं अधिकारी निवड मंडळ) मुलाखत, वैद्यकीय तपासणी आणि चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत 49 आठवडे. तिथे वकील म्हणून कसलीही सवलत नसते. धावणं, शस्त्रं, नकाशावाचन सगळं इतरांसारखंच, आणि ते योग्यच आहे, कारण ज्या जवानाच्या खटल्यात सल्ला द्यायचा त्याचं आयुष्य आतून माहीत हवं. लष्करी कायद्याचं खास शिक्षण आपल्या नागपूरजवळच्या कामठीत, इन्स्टिट्यूट ऑफ मिलिटरी लॉमध्ये होतं. अभ्यासाचा गाभा म्हणजे आर्मी ॲक्ट 1950 आणि आर्मी रूल्स 1954. आर्मी ॲक्टचं कलम 129 आत्ताच वाचून ठेवा: प्रत्येक जनरल कोर्ट मार्शलला (वरिष्ठ लष्करी न्यायालयाला) जज ॲडव्होकेट हजर असावाच लागतो. तो न्यायालयाला कायदा समजावतो, निकालासाठी मतदान मात्र करत नाही. हे सगळं भूदलापुरतं आहे. नौदल आणि हवाई दलाची विधी शाखेची भरती वेगळी असते, आणि अटीही बदलतात, म्हणून अर्जाआधी त्या वर्षीची जाहिरात नीट वाचा.