लिव्हर कॅन्सर असताना ट्रान्सप्लांट करून उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंय: वडील ५९ वर्षांचे, सिरोसिस (लिव्हर कडक, जखमांनी भरलेलं होणं) आधीपासून होता, आता लिव्हरमध्ये कॅन्सरची गाठ निघाली. एक डॉक्टर म्हणतात ट्रान्सप्लांट करा. दुसरे म्हणतात, कॅन्सर परत येतो, त्यात पैसा घालू नका. कोणाचं ऐकायचं?

मी डॉक्टर नाही. सहा वर्षांपूर्वी याच आजारासाठी मी माझ्या बाबांना माझ्या लिव्हरचा उजवा भाग दिला. तेव्हा हे दोन्ही सल्ले आम्हालाही मिळाले होते. दोन्ही डॉक्टर खोटं बोलत नाहीत. सगळं गाठीवर अवलंबून आहे.

आधी एवढं पक्कं करा की कॅन्सर लिव्हरमध्येच सुरू झालाय. आतड्यातून किंवा दुसरीकडून पसरून लिव्हरमध्ये आलेल्या कॅन्सरसाठी सहसा ट्रान्सप्लांट करत नाहीत. आतड्याच्या कॅन्सरमध्ये अगदी निवडक रुग्णांवर आता करतात, नॉर्वेत ऑस्लोच्या डॉक्टरांनी ते २००६ पासून सुरू केलं, पण ती वाट वेगळी आहे. पुढचं सगळं सिरोसिसमध्ये उठलेल्या गाठीबद्दल, ज्याला रिपोर्टात एचसीसी लिहितात.

"परत येतो" हे वाक्य आलं कुठून ते सांगते. १९६७ साली अमेरिकेत डेन्व्हरला डॉ. थॉमस स्टार्झल यांनी दीड वर्षाच्या एका मुलीवर लिव्हर ट्रान्सप्लांट केला. त्यानंतर वर्षभराहून जास्त जगलेली ती पहिली रुग्ण. तिला लिव्हरचा कॅन्सरच होता, आणि शेवटी तो परत आल्यामुळेच ती गेली. पुढची वीसेक वर्षं असंच होत राहिलं, कारण मोठमोठ्या, पसरलेल्या गाठींच्या रुग्णांवर ऑपरेशनं होत होती. मग १९९६ मध्ये इटलीतल्या मिलानचे डॉ. मॅझाफेरो यांनी ४८ रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यांनी फक्त छोट्या गाठींचे रुग्ण घेतले होते: एकच गाठ असेल तर ५ सेंटिमीटरपर्यंत, जास्तीत जास्त तीन असतील तर प्रत्येक ३ सेंटिमीटरच्या आत, आणि रक्तवाहिनीत किंवा लिव्हरबाहेर काही नाही. चार वर्षांनी त्यांतले ७५ टक्के हयात होते. "पेशंट मिलानमध्ये बसतो का?" असं डॉक्टर आपसात बोलतात ते हेच.

आणि अशा रुग्णात ट्रान्सप्लांट नुसती गाठ कापण्यापेक्षा चांगला का ठरतो, तर गाठ ज्या जमिनीत उगवली ती जमीनच बदलली जाते. सिरोसिसचं लिव्हर जागेवर ठेवून गाठ काढली, तर पाच वर्षांत अर्ध्याहून जास्त लोकांत पुन्हा गाठ दिसते. लिव्हरचं काम उत्तम चालू असेल तर कापणं हाही योग्य उपाय आहे, पण पोटात पाणी, कावीळ सुरू झालेली असेल तर ते झेपत नाही.

आता आमचं सांगते, कारण तुम्हाला सर्वांत जास्त उपयोग याचाच होईल असं मला वाटतं. बाबांची गाठ ६.८ सेंटिमीटरची होती. म्हणजे मिलानच्या बाहेर. एएफपी ही रक्ताची तपासणी, जी या कॅन्सरमध्ये बऱ्याचदा वाढते, ६४० आली होती. पहिल्या ठिकाणी आम्हाला सांगितलं, घरी न्या, सेवा करा. आई त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या शहरातल्या ट्रान्सप्लांट सर्जननी सगळे सीटी पुन्हा पाहिले आणि म्हणाले, "शिरेत शिरलेली नाही. आधी लहान करून बघू." मांडीच्या धमनीतून बारीक नळी घालून गाठीच्या रक्तवाहिनीत औषध सोडून ती बंद करतात, त्याला टेस म्हणतात. दोनदा केलं. गाठीचा जिवंत भाग ३.२ सेंटिमीटरवर आला, एएफपी ३८ वर.

मला वाटलं, आता लगेच ऑपरेशन. मी दाता म्हणून तयार होते, रजा टाकली होती. सर्जन म्हणाले, तीन महिने थांबायचं.

मी भांडले त्यांच्याशी. कॅन्सरच्या माणसाला थांबवून ठेवतात का? त्यांनी जे समजावलं ते मी अजून विसरले नाही. मोजपट्टीने गाठीचा आकार कळतो, स्वभाव कळत नाही. तीन महिने औषधाच्या धाकात ती गप्प राहिली, एएफपी चढला नाही, तर तिच्या पेशी रक्तात फिरत नसण्याची शक्यता जास्त. आणि या तीन महिन्यांत ती उसळली, तर ती ट्रान्सप्लांटनंतरही उसळली असती, तेही माझं लिव्हर आत बसवल्यावर, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांखाली. अमेरिकेत एचसीसीच्या रुग्णाला मृत दात्याच्या लिव्हरसाठीच्या यादीवर जादा गुण मिळण्याआधी सहा महिने थांबावं लागतं, त्यातून हेच साधतं. आपल्याकडे बहुतेक ट्रान्सप्लांट घरच्या दात्याकडून होतात, म्हणून ती वाट आपोआप पाहिली जात नाही. डॉक्टरांना मुद्दाम पाहावी लागते. तुमच्या वडिलांनाही थांबायला सांगितलं तर टाळताहेत असं समजू नका. उलट गाठ मोठी असूनही "उद्याच करू" असं कोणी म्हणालं, तर मात्र दुसरं मत घ्या.

एक कळकळीची विनंती. ट्रान्सप्लांट सर्जनला दाखवण्याआधी कॅन्सरचं कुठलंही औषध सुरू करू नका. हल्ली एचसीसीला इम्युनोथेरपीची, म्हणजे प्रतिकारशक्ती चेतवणारी, इंजेक्शनं देतात, ती चांगली आहेत. पण त्यांचा परिणाम शरीरात बरेच आठवडे टिकतो आणि तेवढ्यात ट्रान्सप्लांट झाला तर शरीर नवं लिव्हर नाकारू शकतं. ती कधी द्यायची, मध्ये किती अंतर ठेवायचं, हे कॅन्सरच्या डॉक्टरांनी आणि ट्रान्सप्लांट सर्जननी एकत्र बसून ठरवायला हवं. सुई घालून तुकडा काढण्याचंही तसंच. सिरोसिस असताना ट्रायफेजिक (तीन टप्प्यांत काढलेल्या) सीटीवर किंवा एमआरआयवर गाठीची खूण स्पष्ट असेल तर बायोप्सीची गरज सहसा पडत नाही, आणि सुईच्या वाटेवर पेशी सांडण्याचा थोडा धोका असतो.

दात्याबद्दल. पहिला विचार माझ्या भावाचा झाला, पण त्याच्या लिव्हरमध्ये चरबी जास्त निघाली. आई ५८ वर्षांची. राहिले मी. बाबा ६४ किलोचे, त्यांना किमान ५१० ग्रॅमच्या आसपास लिव्हर लागणार होतं; माझा उजवा भाग ६१० ग्रॅम भरला आणि माझ्याकडे ३८ टक्के उरलं. साधारण ३० टक्क्यांहून कमी उरणार असेल तर दात्याला घेतच नाहीत. दात्याच्या जिवाला धोका हजारात एक ते पाच असा सांगतात. तो शून्य नाही, हे घरात मोठ्यानं बोललं गेलं पाहिजे. कायद्यानं नवरा-बायको, आईवडील, मुलं, भावंडं, आजी-आजोबा, नातवंडं हे जवळचे नातेवाईक. त्यापलीकडच्या दात्याला प्राधिकार समितीची परवानगी लागते. दाता बाई असेल तर तिची संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या कोणीतरी स्वतंत्रपणे पडताळावी, असं २०१४ च्या नियमांत आहे. मला कोऑर्डिनेटरनं एकटीला बसवून विचारलं, "नाही म्हणायचं असेल तर आम्ही घरी वैद्यकीय कारण सांगू, तुझं नाव येणार नाही." मी हो म्हणाले, पण नाही म्हणता येत होतं म्हणून ते हो माझं होतं. तुमच्या घरात जो कोणी तयार होईल, त्याला किंवा तिला हा एकांत मिळू द्या. घरात कोणीच जुळत नसेल तर मृत दात्यांच्या अवयवांचं वाटप पाहणाऱ्या झेडटीसीसी या विभागीय केंद्राच्या यादीवर नाव नोंदवता येतं, महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशी केंद्रं आहेत.

खर्च खासगी रुग्णालयात वीस लाखांच्या पुढे धरून चाला. रुग्णालयाचं एस्टिमेट हातात आल्याबरोबर मुख्यमंत्री सहायता निधी आणि धर्मादाय ट्रस्टकडे अर्ज करा, मंजुरीला वेळ जातो.

नंतरचं आयुष्य औषधांच्या घड्याळावर चालतं. टॅक्रोलिमस हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध दर बारा तासांनी, त्याची रक्तातली पातळी तपासत राहायची. आमची तासगावकडे द्राक्षबाग. डिस्चार्जच्या कागदावर ग्रेपफ्रूट खाऊ नये असं होतं, आणि बाबांनी एक पूर्ण हंगाम स्वतःच्या बागेतलं द्राक्ष तोंडात घातलं नाही. ते फळ वेगळं, पपनसाच्या जातीचं; ते आणि पपनस टाळायचं. स्वच्छ धुतलेली द्राक्षं चालतात.

काढलेल्या लिव्हरचा पॅथॉलॉजी रिपोर्ट मागून घ्या आणि जपून ठेवा. त्यात सूक्ष्म रक्तवाहिन्यांत कॅन्सरच्या पेशी दिसल्या का, ते लिहिलेलं असतं. कॅन्सर परत आलाच तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत येतो, कधी फुफ्फुसात, कधी हाडात, कधी नव्या लिव्हरमध्ये. बाबांच्या रिपोर्टात तशा पेशी नव्हत्या. तरी पहिली तीन वर्षं प्रत्येक सीटीच्या आदल्या रात्री घरात कोणी झोपलं नाही.

बाबांच्या सिरोसिसचं कारण हिपॅटायटिस बी निघालं, जे कोणाला माहीतच नव्हतं. मग काका, आत्या, आम्ही सगळ्यांनी तपासून घेतलं. एका काकांना निघाला. ते आता रोज एक गोळी घेतात आणि दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करतात. तुमच्या वडिलांचं कारण तुम्ही लिहिलेलं नाही. बी किंवा सी असेल तर तुमचीही तपासणी याच आठवड्यात करा, दाता व्हायचं असो वा नसो.

आणि आत्ता सीटीचा रिपोर्ट काढून पोर्टल व्हेन (लिव्हरकडे रक्त नेणारी मोठी शीर) यापुढे काय लिहिलंय ते बघा. तिथे थ्रॉम्बस असा शब्द असेल तर तो साध्या रक्ताच्या गुठळीचा आहे की गाठीचा, हे डॉक्टरांना सर्वांत आधी विचारा.