फेंटानिलचा डोस जास्त झाला तर उतारा म्हणून नॅलोक्झोन घरात ठेवावं का?

आईला कॅन्सरच्या दुखण्यावर फेंटानिलचा (अफूच्या जातीचं जोरकस वेदनाशामक) कातडीवर चिकटवायचा पॅच चालू आहे, म्हणून तुम्ही हे विचारताय. मी डॉक्टर नाही. अप्पांच्या वेळी जे पाहिलं ते सांगतो.

सोलापुरातला मे महिना. कंबर दुखते म्हणाले म्हणून आम्ही गरम पाण्याची पिशवी शेकायला दिली, आणि पॅच नेमका पाठीवर! ऊब लागली की पॅचमधलं औषध अंगात भराभर उतरतं, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. तासाभरानं हाक मारली तर ओ देईनात. घशात घरघर, ओठ काळेनिळे, बुबुळातल्या बाहुल्या मोहरीएवढ्या. श्वास मिनिटाला पाच-सहा.

दवाखान्यात नॅलोक्झोनची 0.4 मिलिग्रॅमची अँप्यूल 10 मिली सलाईनमध्ये मिसळून थोडी थोडी शिरेतून सोडली. एकदम का नाही, विचारलं. डॉक्टर म्हणाले, श्वास येईल, पण दबलेलं दुखणंही सगळं एकदम उसळेल. दोन-तीन मिनिटांत अप्पांनी डोळे उघडले आणि चहा मागितला. आम्ही घरी निघायच्या बेतात. तासाभरात परत गुंगी! नॅलोक्झोनचा असर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो. पॅच काढला तरी कातडीत साठलेलं औषध पुढं कितीतरी तास उतरत राहतं. मग रात्रभर नॅलोक्झोनची ड्रिप.

अमेरिकेत 2023 पासून नॅलोक्झोनचा नाकात मारायचा स्प्रे चिठ्ठीशिवाय मिळतो, व्हिडिओत दिसतो तो तोच. आपल्याकडे सहसा इंजेक्शनच, तेही चिठ्ठीवर. नवी पेठेत दोन मेडिकलमध्ये विचारलं, दोन्हीकडे नव्हतं. तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिलं आणि टोचायला शिकवलं तर जरूर ठेवा. पण अँप्यूल शोधत बसू नका. आधी 108, लगेच पॅच काढा. श्वास थांबल्यासारखा वाटला तर हनुवटी वर करून, नाक दाबून, तोंडानं दर पाच-सहा सेकंदांनी एक श्वास द्या. श्वास नीट चालू असेल तर कुशीवर वळवा. झोपेच्या गोळ्यांवर किंवा दारूवर नॅलोक्झोन चालत नाही, हेही ध्यानात असू द्या.

आणि या भीतीनं पॅच बंद करू नका की ओ, दुखणं फार वाईट असतं. फक्त शेक, हीटर, उन्हातली खाट टाळा. काढलेला पॅच चिकट बाजू आत दुमडून पोरांच्या हाती लागणार नाही असा टाका. 72 तास वापरलेल्या पॅचमध्येही बरंच औषध उरलेलं असतं.