क्रायो-ईएम शिकतेस ना? आधी ग्रिडवर हात बसव

क्रायो-ईएम म्हणजे प्रथिनं झटकन गोठवून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघणं. त्याचं सॉफ्टवेअर कुठे पळून जात नाही गं, ते जमेल हळूहळू. मुंबईच्या पावसाळ्यात खरी परीक्षा ग्रिड गोठवताना होते. ग्रिड म्हणजे जेमतेम ३ मिलिमीटरची जाळीदार चकती, प्रथिनाचा नमुना तिच्यावरच गोठवायचा. चिमट्याच्या टोकाला बाष्प राहिलं, की पडद्यावर प्रथिनांऐवजी बर्फाचे काळे ठिपके. माझा जुलैचा अख्खा आठवडा असाच वाया गेला होता. तेव्हापासून प्रत्येक ग्रिडनंतर चिमटा हेअर ड्रायरने कोरडा करते, द्रव नायट्रोजनचं भांडं झाकते, मास्क लावते. नुसता श्वास पडला तरी त्यात बर्फाचे कण तरंगायला लागतात.

आणि गोठवायला ग्रिड द्रव इथेनमध्ये का बुडवायची, थेट द्रव नायट्रोजनमध्ये का नाही, हे नीट समजून घे. नायट्रोजन ग्रिडभोवती उकळतो, वायूचा थर धरतो, थंडावा आत पोचायला उशीर होतो आणि पाण्याचे स्फटिक बनतात. इथेनमध्ये पाणी काचेसारखं थिजतं. शास्त्रज्ञ झाक दुबोशे यांना २०१७चं रसायनशास्त्राचं नोबेल, फ्रँक आणि हेंडरसन यांच्यासोबत, मिळालं ते याच कामासाठी.

सुधारलेल्या मायक्रोस्कोप आणि डिटेक्टरांमुळे २०२०मध्ये अपोफेरिटिन या प्रथिनाचे अणू सुटे दिसले. ते बघून हुरळून जाऊ नकोस. अपोफेरिटिन घट्ट, सममित. तुझं प्रथिन तसं असेलच असं नाही. आधी निगेटिव्ह स्टेन कर, म्हणजे न गोठवता जड धातूच्या क्षाराने नमुन्याभोवती रंग दे, आणि प्रथिनाचे कण एकसारखे आहेत का बघ. गुठळ्या दिसल्या तर मायक्रोस्कोपची वेळ मागूच नकोस, सरळ शुद्धीकरणाकडे परत जा.